कुलूप आपलेच, किल्ली हरवलेली

टॅब्लेटचा पासवर्ड विसरला म्हणजे सारे संपले असे नाही. मात्र घाबरून घाईने दाबलेले एक बटण अनेक वर्षांचे फोटो पुसून टाकू शकते. अशा वेळी आधी काय करावे, काय मुळीच करू नये आणि ही वेळच येऊ नये म्हणून घरात कोणती तजवीज करून ठेवावी, याची ही माहिती.

म्हैसूर हे निवृत्तांना मानवणारे शहर. १९५० साली येथे केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था आली, १९६९ मध्ये भारतीय भाषा संस्था आली. रेल्वेचा कारखाना तर त्याआधीपासूनचा. अशा संस्थांतील नोकरीच्या निमित्ताने देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे येथे आली आणि हवापाण्याच्या प्रेमात पडून येथेच राहिली. त्यात मराठी घरेही आहेत. घरात मराठी, बाजारात कन्नड, मुले पुण्यात नाहीतर परदेशात, असा त्यांचा संसार. या संसाराला बांधून ठेवणारी वस्तू आज बहुधा दिवाणखान्यातल्या टीपॉयवर असते. ती म्हणजे मुलाने किंवा मुलीने मागच्या खेपेला आणून दिलेला टॅब्लेट.

नातवंडांचे चेहरे त्यात दिसतात. दसऱ्याच्या मिरवणुकीचे फोटो त्यात असतात. विजेचे बिल, रेल्वेचे तिकीट, डॉक्टरांचे अहवाल त्यातच. निवृत्तिवेतनधारकांसाठी १० नोव्हेंबर २०१४ रोजी 'जीवन प्रमाण' ही डिजिटल हयातीच्या दाखल्याची सोय सुरू झाली. २०२१ पासून चेहरा दाखवून तो दाखला घरबसल्या काढता येतो. तेव्हापासून नोव्हेंबर महिन्यातली बँकेची रांगही अनेक घरांत या काचेच्या पाटीनेच वाचवली आहे.

आणि एके दिवशी ही पाटी पासवर्ड विचारते. तो काही केल्या आठवत नाही.

कुलपे दोन, किल्ल्याही दोन

मग फोन जातो दूरच्या नातवाला.

"अरे, याचा पासवर्ड विसरले बघ."

"आजी, कुठला पासवर्ड?"

"म्हणजे? असतात किती?"

घोटाळा येथेच असतो. टॅब्लेटला निदान दोन कुलपे असतात. पहिले पडद्याचे. टॅब्लेट हातात घेतल्यावर जो चार किंवा सहा आकड्यांचा क्रमांक टाकावा लागतो, किंवा ठिपके जोडून जी नक्षी काढावी लागते, ते हे कुलूप. ते फक्त त्या एका यंत्राचे असते. दुसरे कुलूप खात्याचे. अँड्रॉइड टॅब्लेट असेल तर गूगलचे खाते, आयपॅड असेल तर ॲपलचे. हे खाते यंत्रात नसते, कंपनीच्या दूरच्या संगणकांवर असते. त्याचा पासवर्ड रोज विचारला जात नाही. कित्येकदा तो टॅब्लेट घेतला त्या दिवशी एकदाच टाकलेला असतो, तोही दुकानातल्या मुलाने किंवा भाच्याने. म्हणूनच तो विसरतो. खरे म्हणजे तो कधी ठाऊकच नसतो.

या दोहोंपैकी कोणती किल्ली हरवली आहे हे आधी ठरवावे. पुढचा सारा मार्ग त्यावर अवलंबून आहे.

पडदा उघडतो, खाते उघडत नाही

ही सोपी अडचण. पडद्याचा आकडा आठवत असेल तर निम्मी लढाई जिंकलीच म्हणायची, कारण मालक आपणच असल्याचा तो एक पुरावा असतो.

अँड्रॉइड टॅब्लेटवर 'सेटिंग्ज'मध्ये 'गूगल' या शब्दावर बोट ठेवावे. तेथे खात्याचा पत्ता दिसतो. तो आधी कागदावर उतरवून घ्यावा. पुष्कळांना आपल्या खात्याचा नेमका पत्ताच माहीत नसतो आणि पुढची सगळी खटपट त्यावाचून अडते. नंतर खात्याच्या 'सिक्युरिटी' विभागात पासवर्ड बदलण्याचा मार्ग आहे. तेथे जुना पासवर्ड विचारला की 'विसरलो' हा पर्याय निवडावा. बहुधा तोच पडद्याचा आकडा टाकून खातरजमा होते आणि नवा पासवर्ड ठेवता येतो.

आयपॅडवर तर हे आणखी सुटसुटीत आहे. 'सेटिंग्ज'मध्ये सर्वांत वर आपले नाव असते. त्यातील 'साइन-इन अँड सिक्युरिटी' या भागात पासवर्ड बदलण्याची सोय आहे. खात्याला दुहेरी सुरक्षा लावलेली असेल तर जुना पासवर्ड न विचारता पडद्याच्या आकड्यावरच काम होते.

एवढे झाले की नवा पासवर्ड त्याच मिनिटाला लिहून ठेवावा. "आता नाही विसरणार" हे वाक्य मागच्या वेळीही म्हटलेले असते.

पडद्याचाच आकडा विसरला तर

ही अवघड अडचण, आणि येथेच घाई नडते. सुचेल तो आकडा टाकत राहू नये. चुकीचे प्रयत्न वाढले की यंत्र थांबायला लावते. आयपॅडवर ही वेळ १ मिनिट, ५ मिनिटे, १५ मिनिटे अशी वाढत जाते आणि शेवटी आकडा विचारणेच बंद होते. दहा चुकांनंतर सर्व पुसले जावे असा पर्याय एखाद्या जाणकाराने आधी चालू करून ठेवला असेल, तर दहावी चूक शेवटची ठरते.

तेव्हा टॅब्लेट बाजूला ठेवावा, चहा घ्यावा आणि कागद-पेन्सिल घेऊन बसावे. लग्नाचे वर्ष, जुन्या घराचा क्रमांक, स्कूटरचा क्रमांक असे आपण सहसा वापरतो ते आकडे मांडावेत. बोटांना नक्षी आठवते पण आकडा आठवत नाही असेही होते. बोटे आपोआप कोठे वळतात ते पाहावे. आयपॅडचा आकडा नुकताच बदलला असेल आणि नवाच विसरला असेल, तर अलीकडच्या आवृत्त्यांत, म्हणजे २०२३ च्या आयपॅडओएस १७ पासून, बदलल्यानंतर ७२ तासांपर्यंत जुना आकडा चालवून घेण्याची सवलत आहे.

यातूनही जमले नाही तर एकच वाट उरते. टॅब्लेट पूर्ण पुसायचा आणि नव्याने सुरू करायचा. फार जुन्या, म्हणजे अँड्रॉइड ४.४ किंवा त्याआधीच्या टॅब्लेटवर पाच चुकांनंतर गूगल खात्याने कुलूप उघडण्याची सोय होती. नव्यांत ती काढून टाकली आहे.

दुकानदाराला आतला मजकूर तसाच ठेवून कुलूप का उघडता येत नाही, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे कारण असे की हे लाकडी पेटीचे कुलूप नव्हे. पेटीचे कुलूप फोडले की आतले दागिने जसेच्या तसे मिळतात. आजच्या टॅब्लेटमध्ये आतला मजकूरच सांकेतिक रूपात साठवलेला असतो आणि तो उलगडण्याची किल्ली पडद्याच्या आकड्याशी बांधलेली असते. आकडा नाही तर किल्ली नाही, आणि किल्ली नाही तर आत राहतो तो निरर्थक चिन्हांचा ढीग. २०१६ साली अमेरिकेची तपास संस्था एफबीआय एका हल्लेखोराचा आयफोन उघडून मिळावा म्हणून ॲपल कंपनीविरुद्ध न्यायालयात गेली होती. एवढ्या बलाढ्य संस्थेला जे सहजासहजी साधले नाही, ते गल्लीतल्या दुकानात पाचशे रुपयांत होईल अशी आशा धरू नये.

पुसल्यावरही खाते लागतेच

येथे दुसरा धक्का बसतो. टॅब्लेट पुसून कोरा केला तरी सुरू होताना तो विचारतो, "यावर आधी जे खाते होते त्याचा पासवर्ड सांगा." अँड्रॉइडमध्ये ही सोय २०१५ मध्ये ५.१ या आवृत्तीपासून आली. आयपॅडवर तसले 'ॲक्टिव्हेशन लॉक' २०१३ पासून आहे. चोरलेले यंत्र चोराच्या उपयोगी पडू नये म्हणून ही तजवीज केली. चोराला आवरणारे कुलूप विसरभोळ्या मालकालाही आवरते, एवढीच त्यातली मेख.

म्हणून पडद्याचा आकडा विसरला असेल तरी पुसण्याची घाई करू नये. आधी खाते हाती आले आहे ना, हे दुसऱ्या फोनवर किंवा संगणकावर तपासावे. खात्यात प्रवेश मिळाला की टॅब्लेटमधले काय काय तेथे आपोआप साठवले गेले आहे तेही पाहता येते. फोटो तेथे असतील तर पुसण्याचे भय उरत नाही. नवा पासवर्ड ठेवल्यावर अँड्रॉइड टॅब्लेट लगेच पुसू नये, निदान २४ तास जाऊ द्यावेत, अशी गूगलचीच सूचना आहे.

खाते परत मिळवताना

गूगलच्या खात्यासाठी 'जी डॉट सीओ स्लॅश रिकव्हर' आणि ॲपलसाठी 'आयफरगॉट डॉट ॲपल डॉट कॉम' हे अधिकृत पत्ते आहेत. दोन्हीकडे पैसे लागत नाहीत. समोर माणूस नसतो, यंत्रच प्रश्न विचारते आणि उत्तरांवरून मालक खरा की खोटा हे ठरवते. त्याची खात्री पटावी म्हणून काही गोष्टी सांभाळाव्यात.

हा प्रयत्न नेहमीच्या घरातून, नेहमीच्या वाय-फायवरून आणि पूर्वी ते खाते ज्यावर वापरले होते त्याच फोनवर किंवा संगणकावर करावा. पुण्याच्या मुलाने पुण्यातून प्रयत्न केला तर यंत्राला तो परका वाटू शकतो. शेवटचा आठवणारा पासवर्ड विचारला तर जुना का होईना, आठवेल तो द्यावा. प्रश्न टाळण्यापेक्षा अंदाजाने दिलेले उत्तर बरे.

म्हैसूरसारख्या दोन-तीन भाषांच्या घरात आणखी एक गंमत होते. टंकफलक कधी कन्नड, कधी देवनागरी, कधी इंग्रजी असतो. पासवर्ड बरोबर असूनही लिपी बदललेली असते, किंवा पहिले अक्षर आपोआप मोठे उमटलेले असते. पासवर्डाच्या चौकटीत डोळ्याचे चिन्ह असते. ते दाबून आपण काय टाकले ते एकदा डोळ्यांनी पाहावे.

सगळ्यात जास्त घरे अडतात ती मोबाइल क्रमांकापाशी. खातरजमेचा सांकेतिक आकडा ज्या क्रमांकावर जातो तो कित्येक वर्षांपूर्वीचा असतो. भारतात ९० दिवस काहीच वापर झाला नाही तर मोबाइल क्रमांक बंद केला जाऊ शकतो आणि पुढे काही काळाने तो दुसऱ्या ग्राहकाला मिळतो. म्हणजे आपल्या घराच्या किल्लीची नक्कल अनोळखी माणसाच्या दारात पडू लागते. सिमकार्ड हरवले असेल पण क्रमांक अजून आपल्याच नावावर असेल, तर ओळखपत्र दाखवून त्याच क्रमांकाचे नवे सिम आधी घ्यावे. पुष्कळदा तेवढ्याने प्रश्न सुटतो.

कधी कधी कंपनी काही तास किंवा काही दिवस थांबायला सांगते. ते निमूटपणे थांबावे. हा उशीर मुद्दाम ठेवलेला असतो. खरा मालक दुसराच असेल तर त्याला सावध होण्यास तेवढा अवधी मिळतो.

काहीच जमले नाही तर शेवटचा आधार म्हणजे खरेदीची मूळ पावती. ॲपल कंपनी पावती पाहून आपल्या यंत्राचे 'ॲक्टिव्हेशन लॉक' काढण्याचा अर्ज घेते. इतरही काही कंपन्यांच्या अधिकृत सेवाकेंद्रांत पावती दाखवल्यास मदत होते. यंत्र चालू होते, आतला मजकूर मात्र जातो.

अडलेल्याला गाठणारे

अशा वेळी माणूस उतावीळ होतो आणि ठग उतावीळ माणसाचीच वाट पाहत असतो. 'ग्राहक सेवा क्रमांक' म्हणून जाहिरातीत किंवा शोधात दिसलेल्या कोणत्याही क्रमांकावर फोन करू नये. 'दुरून दुरुस्त करतो, एवढे ॲप घाला' असे कोणी म्हणाले तर फोन ठेवून द्यावा. तसले ॲप आपला पडदा त्याला दाखवते आणि पडद्यावर बँकेचे संदेशही येतात. खातरजमेचा सांकेतिक आकडा कोणालाही सांगू नये, मग तो कितीही गोड बोलो. पैसे गेलेच तर विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

स्वस्तात मिळतो म्हणून दुसऱ्याचा वापरलेला टॅब्लेट घेतानाही हेच भान हवे. विकणाऱ्याने आपल्यासमोर त्याचे खाते काढून टाकल्याशिवाय पैसे देऊ नयेत. नाहीतर हाती येते ती फक्त काचेची पाटी.

आणि हो, हयातीच्या दाखल्यासाठी हवालदिल होण्याचे कारण नाही. तो त्या विशिष्ट टॅब्लेटशी बांधलेला नसतो. नातेवाइकाच्या फोनवरून, बँकेतून, किंवा टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेचा कर्मचारी घरी बोलावूनही तो देता येतो.

घरातला माणूस गेल्यावर

विसरलेला पासवर्ड निदान कधीतरी आठवण्याची शक्यता असते. ज्याला ठाऊक होता तो माणूसच गेला तर?

२०१६ च्या जानेवारीत कॅनडातील व्हिक्टोरिया शहरातल्या एका वृद्धेची कहाणी वृत्तपत्रांतून जगभर गेली. पतीचे निधन झाले होते. आयपॅड घरातच होता, पडद्याचा आकडाही त्यांना ठाऊक होता. ठाऊक नव्हता तो खात्याचा पासवर्ड, आणि तो नसल्यामुळे त्यांना आपला आवडता पत्त्यांचा खेळ पुन्हा घालून घेता येईना. त्यांच्या मुलीने मृत्यूचा दाखला आणि मृत्युपत्र यांची तयारी दाखवली, तरी तिला न्यायालयाचा हुकूम आणण्यास सांगण्यात आले. पत्त्यांच्या एका खेळासाठी! बातमी झाल्यावर ॲपल कंपनीने दिलगिरी व्यक्त केली आणि मदत केली.

आपल्याकडे तर पुष्कळ घरांत खाते, क्रमांक आणि पासवर्ड या तिन्ही गोष्टी एकट्या यजमानांच्या हाती असतात. "तुला काय करायचंय, मी आहे ना" असे म्हणत चाळीस वर्षे जातात. मग एके दिवशी ते 'मी आहे' उरत नाही, आणि त्यांचा आवाज, त्यांचे फोटो, दोघांच्या शेवटच्या प्रवासाची चित्रफीत एका कुलपाआड राहते. दुःखाच्या दिवसांत ही वणवण कोणाच्या वाट्याला येऊ नये.

त्यासाठी आता सोय आहे. ॲपलने २०२१ च्या डिसेंबरमध्ये 'लेगसी कॉन्टॅक्ट' सुरू केले. आपल्या पश्चात खाते कोणी उघडावे त्याचे नाव आधी नोंदवता येते. त्या व्यक्तीला एक किल्ली मिळते. ती आणि मृत्यूचा दाखला दिला की फोटो व टिपणे मिळतात, साठवलेले पासवर्ड मात्र मिळत नाहीत. गूगलची 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' ही सोय २०१३ पासून आहे. ३, ६, १२ किंवा १८ महिने खाते वापरले गेले नाही, तर आपण नेमलेल्या जास्तीत जास्त दहा माणसांना कळवून ठरवलेला मजकूर द्यावा, असे त्यात सांगून ठेवता येते. येथे हलगर्जीपणा नको. सलग दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचे धोरण गूगलने २०२३ मध्ये जाहीर केले आहे.

लिहून ठेवणे हा गुन्हा नव्हे

संगणकाला पासवर्ड लावण्याची पद्धत १९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत रुळली. एकच संगणक अनेकजण वापरत. प्रत्येकाचे काम वेगळे राहावे एवढाच तिचा हेतू होता. पुढे २००३ साली अमेरिकेच्या मानक संस्थेने चिन्हे, आकडे, मोठी अक्षरे आणि वरचेवर बदल असा कडक सल्ला दिला. जगाने तो उचलला आणि जग पासवर्ड विसरू लागले. २०१७ मध्ये त्याच संस्थेने आपले मत बदलले. विनाकारण पासवर्ड बदलत राहू नये, कठीण चिन्हांपेक्षा लांबी महत्त्वाची, असे ती आता सांगते. चार-पाच असंबद्ध शब्द जोडून केलेला लांब पासवर्ड लक्षात राहतो आणि ओळखण्यास कठीण जातो. मात्र तो म्हणीतला किंवा गाण्यातला नसावा.

आणि तो कागदावर लिहून ठेवण्यात कमीपणा नाही. दूरदेशीचा चोर घरातल्या कपाटात हात घालू शकत नाही. कागद टॅब्लेटच्या पाठीला चिकटवू नये, एवढे पथ्य पाळले म्हणजे झाले.

या रविवारी अर्धा तास

• प्रत्येक खात्याचा पत्ता, पासवर्ड आणि जोडलेला मोबाइल क्रमांक वहीत लिहून कपाटात दागिन्यांजवळ ठेवा. वही कुठे आहे ते घरातल्या दोघांना माहीत असू द्या.

• खात्याला चालू मोबाइल क्रमांक आणि मुलाचा किंवा मुलीचा ई-मेल पत्ता जोडा. जुना क्रमांक काढून टाका.

• गूगलच्या दुहेरी सुरक्षेसोबत मिळणारे दहा राखीव आकडे कागदावर घ्या. ॲपलच्या खात्याला विश्वासू नातलगाचे 'रिकव्हरी कॉन्टॅक्ट' जोडा.

• फोटोंची दुसरी प्रत ठेवा. खात्यात तर हवीच, शिवाय एखाद्या पेन ड्राइव्हवरही.

• खरेदीची पावती फाइलला लावा. थर्मल कागदावरची शाई उडते, म्हणून तिची झेरॉक्स काढा.

• आपल्या पश्चात खाते कोणाकडे जावे ते पती-पत्नींनी एकत्र बसून ठरवा आणि तशी नोंद करा.

घराच्या किल्लीचा दुसरा जोड शेजारी ठेवण्याची आपली रीत जुनीच आहे. ती ठेवताना शेजाऱ्यावर विश्वास लागतो आणि आपल्या विसरभोळेपणाची थोडी जाणीवही. टॅब्लेटच्या किल्लीलाही तेवढेच लागते. सुट्टीत मुले घरी येतील तेव्हा फराळाच्या ताटाबरोबर ती वहीही पुढे ठेवावी. तंत्रज्ञानाचे जाणकार ते असतील. घर कोणाचे आणि त्यात काय जपायचे, हे मात्र आपणच त्यांना सांगायचे असते.